उभ्या सायकलची शर्यत

भाग्यलक्ष्मी सोळुंके हिनं आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. सायकल मारली आणि लोकांना नावं ठेवली. सायकल पस्तिशीत सुटली. दुसरं काम रिटायर झाल्यापासून ती पूर्ण वेळ करते.

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या ज्या अपार्टमेंटमध्ये ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, तिथं तिला लहानथोर सगळे भाग्यक्का म्हणतात. वय बासष्ट, पांढरे बॉयकट केस, पंजाबी ड्रेसखाली स्पोर्ट्स शूज, आणि पोटऱ्या अशा की लिफ्टमध्ये शेजारणींची नजर आपोआप खाली जाते. "बघा, बघा," ती म्हणते. "लाजायचं काय त्यात? नॅशनलच्या आहेत." आणि त्या खरंच नॅशनलच्या आहेत. ट्रॅकवरच्या सायकलिंगमध्ये, स्प्रिंट नावाच्या प्रकारात, ती तीनदा देशात पहिली आली होती. मेडलं कुठं आहेत असं कोणी विचारलं तर ती शोकेस दाखवत नाही. एक मेडल बेडरूमच्या दाराच्या मुठीला बांधलंय, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. बाकीची कुठल्याशा पिशवीत आहेत आणि ती पिशवी कुठंशी आहे.

सोळुंक्यांचं घराणं मूळचं भालकीकडचं, शेतकरी. वडिलांनी जमीन भावांवर सोपवून सिकंदराबादच्या मोंडा मार्केटात भाजीचा गाळा टाकला. रेल्वे क्वार्टर्समध्ये घरोघर भाजी पोचवायचं काम थोरल्या पोरीकडे आलं. सायकल जेन्ट्स, मागं टोपली, आणि ब्रेक अजिबात नाही. रबरं झिजली तेव्हा वडिलांनी ब्रेकच काढून टाकले. "समोर बघून चालवलं की ब्रेक कशाला लागतो?" असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. भाग्यक्का चपलेचा तळ मागच्या चाकाला लावून थांबायची. वर्षाला चपला किती जात होत्या हा हिशोब वडिलांच्या तत्त्वज्ञानात बसत नव्हता.

अशीच एकदा ती टोपलीसकट एका माणसाच्या अंगावर गेली. टोमॅटो गेले, माणूस वाचला. तो निघाला रेल्वेच्या खेळाडूंचा कोच. धुळीतून उठत त्यानं विचारलं, "ब्रेक कुठाय?"

"नाही."

"मग रोज थांबतेस कशी?"

तिनं चप्पल दाखवली. कोचनं चप्पल हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. ट्रॅकच्या सायकलीलाही ब्रेक नसतो. त्याच्या दृष्टीनं पोरीचं निम्मं शिक्षण झालेलंच होतं.

आता स्प्रिंट म्हटलं की लोकांना वाटतं, इशारा झाला की जीव खाऊन सुटायचं. तसं नसतं. शर्यतीत दोघंच असतात. जो पुढं जातो त्याला वारा कापावा लागतो. मागचा त्याच्या पाठीच्या आडोशाला आयता बसून येतो आणि शेवटच्या वळणावर ताज्या पायांनी बाजूनं निघून जातो. म्हणून शहाण्याला पुढं जायचंच नसतं. दोघं गोगलगायीसारखे सरकत राहतात. कधीकधी चक्क थांबतात. पाय पेडलवरच, सायकल जागच्या जागी, आणि दोघं एकमेकांकडे एकाच स्थळाला आलेल्या दोन नवरदेवांसारखे बघत राहतात. ज्याचा धीर सुटला तो गेला.

ही गोष्ट भाग्यक्काच्या वडिलांना कोणी सांगितली नव्हती. ते आयुष्यात एकदाच शर्यत बघायला गेले, थेट पंजाबात, मुलीला मिळालेल्या पासावर, भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. फायनल होती. भाग्यक्का उभी, समोरची सरदारणीसारखी धिप्पाड पोरगी उभी. सगळं स्टेडियम गप्प. आणि वरून आवाज आला, भालकीच्या शिवारात या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा: "भाग्ये, पळ की गं! दोन दिवस गाडीत बसून तुला उभी बघायला आलो का मी?"

बापाचा शब्द. ती पळाली. समोरची आयती मागं बसून आली आणि रेषेवर पुढं निघून गेली. परतीच्या प्रवासात वडील सगळ्या डब्याला शेंगा वाटत सांगत होते, "आमची पोरगी पहिली सुटली होती हो. मधे काय झालं, समजलं नाही." ती वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. वडील जाईपर्यंत तिनं त्यांना ते समजावून सांगितलं नाही. एरवी ती कोणाला काही सांगायची ठेवत नाही.

लग्न तिनं केलं नाही. विचारलं तर म्हणते, "मागं बसून येणारेच भेटले सगळे." पाय थकले तशी ती रेल्वेतच रिझर्वेशनच्या खिडकीत बसली आणि तिथूनच रिटायर झाली.

रविवारची शिकवणी सुरू झाली ती नरहर उदगीरकरांमुळे, आणि ती बंद पाडायला निघाले तेही नरहर उदगीरकरच.

उदगीरकर हे अपार्टमेंटच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. घराणं निजामाच्या अमदानीपासून सरकारी नोकरीतलं. आजोबा महसुलात, वडील शिक्षणखात्यात, आणि नरहर स्वतः सचिवालयातून रिटायर झालेले. नोकरी सुटली तरी नोटीस काढायची सवय सुटली नाही. लिफ्टशेजारी त्यांच्या नोटिसांची इतकी दाटी झाली की लोक वाचत उभे राहू लागले. त्यावर त्यांनी नोटीस लावली की नोटिसा वाचत लिफ्टसमोर गर्दी करू नये.

एका रविवारी सकाळी ते खाली सेल्लारमध्ये नऊ वर्षांच्या नातीला, प्राचीला, सायकल शिकवत होते. सेल्लार म्हणजे हैदराबादेत इमारतीच्या पोटातली गाड्या लावायची जागा. नरहरराव धोतराचा सोगा सावरावा तशी पायजम्याची नाडी सावरत सीट धरून मागं पळत होते.

"धरलंय, बाळ! धरलंय! मी आहे ना!"

आणि म्हणता म्हणता त्यांनी सोडलं. प्राचीनं मागं वळून पाहिलं, आजोबा कुठल्या कुठं, आणि ती नीलिमाच्या पांढऱ्या गाडीवर जाऊन आदळली. नीलिमा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चेतनची आई. गाडीला काही झालं नाही. प्राचीचं ढोपर फुटलं. पण ती रडली ते ढोपरासाठी नाही.

"तुम्ही खोटं बोललात! धरलंय म्हणालात!"

भाग्यक्का पाण्याची मोटर लावायला खाली आली होती. "बरोबर आहे पोरीचं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं सरकारात काढली, तरी खोटं बोलता येईना धड."

"सोळुंकेबाई, सायकल अशीच शिकवतात. आम्हालाही काकांनी अशीच शिकवली."

"हौ? मग येते का तुम्हाला?"

नरहरराव खोकले. येत नव्हती. काकांनी सोडल्यापासून ते सायकलवर बसलेच नव्हते.

भाग्यक्कानं वॉचमनकडून पाना मागवला आणि प्राचीच्या सायकलीचे दोन्ही पेडल काढून टाकले. सीट खाली केली. "चल, बस. पाय टेकतायत? मग आता चालत चालत सायकल ढकल. वाटलं तर दोन्ही पाय उचल. नाही वाटलं तर नको. तुला कोणी धरणार नाही, म्हणजे सोडणार पण नाही."

दुपारच्या जेवणाला बोलवायला आजी खाली आली तोवर प्राची पाय उचलून या खांबापासून त्या खांबापर्यंत तरंगत होती. दुसऱ्या रविवारी चेतन आला, मग आणखी चार पोरं आली. पेडल परत बसले. पोरांना सायकल आली. इथं दुसऱ्या कोणीही शिकवणी संपली म्हणून सांगितलं असतं. भाग्यक्कानं तिथून सुरू केली.

तिनं त्यांना थांबायला शिकवलं. सेल्लारची फरशी गाड्या धुतलेलं पाणी जावं म्हणून जाळीकडे जराशी उतरती आहे. पुढचं चाक चढाकडे वळवायचं, पेडल आडवं धरायचं, जरा दाबायचं, जरा सोडायचं. उतार मागं ओढतो, पाय पुढं ढकलतो, आणि त्या भांडणात सायकल मधल्या मधे उभी राहते. पाय टेकला तो बाद. पोरं वेडी झाली. घरी, शाळेत, ट्यूशनला सगळीकडे त्यांना चूप उभे राहा म्हणून ओरडा बसायचा. चूप उभं राहण्यात कोणी हरतं-जिंकतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आयांना मात्र ते पटेना. एकदा नीलिमा खाली येऊन बघत राहिली.

"अक्का, तीन महिने झाले. चेतन अजून एकाच जागी आहे."

"पण त्या जागी किती छान आहे बघ ना."

"मजाक नक्को अक्का. पुढं कधी जाणार तो?"

"पुढं तर गाढव पण जातंय. उद्या बरकतपुऱ्याच्या चौकात ऑटोवाला आडवा घुसला तर तुझा पोरगा काय करणार? थांबता येत असेल तर घाबरणार नाही. घाबरला नाही तर पडणार नाही. आलं का ध्यानात?"

नीलिमाच्या ध्यानात आलं, पण मनात राहिलं नाही.

मग कोणाच्या तरी नव्या गाडीवर ओरखडा उठला. कोणाच्या हँडलनं, ते कळलं नाही. गाडीवाल्यांनी तक्रार केली, आणि तक्रार म्हणजे उदगीरकरांना पक्वान्न. ते तिसऱ्या मजल्यावर आले. पाणी घेतलं नाही, म्हणजे काम सरकारी होतं.

"बाई, व्यक्तिशः माझा विरोध नाही. पण असोसिएशनपुढं प्रश्न आहे की या शिकवणीतून निष्पन्न काय होतं?"

"पोरं सायकलवर बसतात."

"ती उभी असतात. मी जिन्यात लपून... म्हणजे जिन्यातून पाहिलंय. सहा मुलं, सहा सायकली, आणि कोणीही हलत नाही. पुतळ्यांची कार्यशाळा वाटते." त्यांनी घसा साफ केला. "गणपतीत आपल्या काचीगुड्याच्या मंडळात मुलांची सायकल शर्यत असते. त्यात काही प्रगती दिसली तर मी गाडीवाल्यांना तोंड देईन. नाही दिसली तर त्या पुढच्या रविवारपासून सेल्लारमध्ये सायकल बंद. नोटीस तयार आहे."

"नोटीस तर तुमच्या बारशालाच तयार होती साहेब," भाग्यक्का म्हणाली. पण ते गेल्यावर ती हिशोब करू लागली. सेल्लार गेलं तर दुसरी जागा नव्हती. रस्त्यावर पोरं न्यायची म्हणजे आयांनी तिलाच उचलून बाहेर टाकलं असतं. आणि रविवार गेला तर आठवड्यात उरत होतं काय? टीव्ही, गुडघ्यांचं तेल, आणि भाचीचा पुण्याहून येणारा फोन, ज्यात ती 'मावशी, जेवलीस का' एवढंच विचारते आणि उत्तर ऐकत नाही.

दुसऱ्या रविवारी तिनं पोरांना स्प्रिंट शिकवली. सगळी शिकवली. पाठीमागं कसं बसायचं, वळणावर कसं निघायचं, समोरच्याच्या गुडघ्याकडं का बघायचं. शाळा सुटल्यावर गल्लीत सराव घेतला. आणि रोज शेवटी सहाही पोरांकडून एकसुरात म्हणून घेतलं, "जो आधी पळेल तो?"

"गाढव!"

शर्यतीच्या दिवशी मंडळानं एका शाळेचं मैदान घेतलं होतं. मंडप, खुर्च्या आणि जिलेबीची कढई यातून एवढीच वाट उरली होती की एका वेळी दोनच सायकली सुटतील. मैदानाला एक फेरी, जिंकेल तो पुढं. प्रत्येक इमारतीतून दोनच पोरं घेणार होते, म्हणून सहांतून चेतन आणि प्राची. शिट्टी परंपरेनं उदगीरकरांकडे. माइक संदेशकडे. तो मंडळातला तरुण, कंपनीत दिवसभर इंग्रजी बोलून आलेला आणि मराठीसाठी हपापलेला. अध्यक्ष अंबाजीराव, राणीगंजला मोटारपंपांचं दुकान असलेले, ट्रॉफी मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसले होते.

सुरुवात झकास झाली. बरकतपुऱ्याचा एक मुलगा गिअरची सायकल, हेल्मेट, हातमोजे, गॉगल असा चढवून आला होता. शिट्टी वाजताच तो बाणासारखा सुटला. चेतन शांतपणे त्याच्या मागं जाऊन बसला, अख्खी फेरी त्याच्या सावलीत फिरला, आणि जिलेबीच्या कढईपाशी बाजूनं निघून गेला.

त्या मुलाचा बाप मोबाईल उगारत आला. "ये चीटिंग है! तो पूर्ण वेळ माझ्या मुलाच्या मागं लपला होता!"

"भाऊ, मैदान मोकळं आहे," भाग्यक्का म्हणाली. "तुमच्या पोराला मागं बघायला कोणी बंदी केली होती?"

प्राचीनंही तिच्या दोन शर्यती अशाच काढल्या. समोरचं प्रत्येक पोर शिट्टीबरोबर सुटत होतं आणि भाग्यक्काचं पोर त्याच्या पाठीवर स्वार होत होतं. नरहररावांचा चेहरा उजळत चालला. एकदा तर त्यांनी लांबूनच तिला मान डोलावून दाखवली. सेल्लार वाचलं, असं तिनं मनात म्हटलं आणि जिलेबीची प्लेट घेतली.

तेवढ्यात संदेश माइकवर म्हणाला, "मित्रांनो, आता अंतिम फेरी! चेतन विरुद्ध प्राची!"

जिलेबी तिच्या तोंडातच राहिली. दोघंही तिचे. दोघांनाही एकच गोष्ट शिकवलेली. इतक्या दिवसांत हा हिशोब तिच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

शिट्टी वाजली. दोघं रेषा ओलांडून हातभर पुढं आले आणि थांबले. मैदान तिथं फाटकाकडे जरा उतरतं होतं. दोघांनी एकदमच चाक चढाकडं वळवलं.

"जा ना," चेतन म्हणाला.

"तू जा."

"लेडीज फर्स्ट."

"गाढव फर्स्ट."

लोकांना आधी वाटलं, शिट्टी ऐकू आली नाही. नरहररावांनी पुन्हा वाजवली. मग पुन्हा. तिसऱ्या शिट्टीला फाटकाबाहेरचा एक ऑटो थांबला, सायकली हलल्या नाहीत.

"दोन्ही स्पर्धक आता..." संदेश अडखळला. "आता अजूनही... उभे आहेत. मित्रांनो, ही चुरशीची... ही फार चुरशीची उभी शर्यत आहे."

अंबाजीराव शेजाऱ्याला म्हणाले, "हे स्लो सायकल आहे काय? पत्रिकेत तर नव्हतं."

खुर्च्यांतून आरडाओरडा सुरू झाला. "अरे पळ!" "प्राची, मार पेडल!" "चेतन, कायकू रुकतोस रे!" पोरं ढिम्म. प्राचीचं पुढचं चाक थरथरत होतं, पण डोळे चेतनच्या गुडघ्यावर खिळलेले. चेतनची जीभ दातांत. एकदा तो हातभर मागं सरकला, तर सगळ्या खुर्च्यांतून "आं" असा आवाज निघाला.

नरहरराव शिट्टी छातीवर उडवत भाग्यक्काकडे आले. कानाच्या पाळ्या लाल.

"बाई! हे काय शिकवलंत? सगळ्या मंडळापुढं शोभा! सांगा त्यांना पळायला. आत्ताच्या आत्ता. नाहीतर सेल्लार विसरा."

ती सांगू शकत होती. एक शब्द. पोरं तिचं ऐकत होती. पण दोघांतलं जे आधी ऐकेल ते हरेल. जे न ऐकता उभं राहील ते जिंकेल. तिनं तोंड उघडलं. शब्द दातापर्यंत आला, अगदी भालकीच्या बांधावरचा, आणि तिला पहिल्यांदा कळलं की म्हाताऱ्याला त्या दिवशी वर बसून काय होत असेल. आपलं पोर दोनशे माणसांत उभं आहे, सगळे हसतायत, आणि आपल्याला वाटतंय की आपण ओरडलो की सुटेल. काय खाज असते ही. तिनं ओढणीचं टोक दातात घट्ट धरलं.

"बाई, मी काय म्हणतोय?"

तिनं ओढणी काढली. "साहेब, शिट्टी खाली ठेवा आणि नातीकडे बघा जरा. काही महिन्यांपूर्वी कोणी धरलं नाही म्हणून रडत होती ना ही?"

नरहररावांनी बघितलं. प्राचीला कोणी धरलेलं नव्हतं. कोणी सोडलेलंही नव्हतं. सगळं मैदान तिच्यावर ओरडत होतं आणि ती कोणाचंच ऐकत नव्हती, आजोबांचंसुद्धा. नरहररावांनी आणखी एक शिट्टी मारायला गाल फुगवले आणि ते तसेच फुगलेले राहिले. थोड्या वेळानं हवा हळूच सुटली.

"पाय टेकू नको, बाळ," ते पुटपुटले. "टेकू नको."

आणि मग मैदानाची हवाच बदलली. मागच्या रांगेतले उठून पुढं आले. पोरांनी तेलुगूत "आगु! आगु!" सुरू केलं, म्हणजे थांब, थांब. संदेशनं माइक खाली केला आणि कुजबुजत बोलायला लागला. जिलेबीवाल्यानं गॅस बारीक केला. अंबाजीरावांनी ट्रॉफी शेजाऱ्याच्या मांडीवर दिली, नीट दिसावं म्हणून. दोन सायकली जागच्या जागी उभ्या, आणि दोनशे माणसं श्वास धरून बघतायत. पंजाबातल्या त्या ट्रॅकवर सुद्धा इतकं शांत नव्हतं. तिथं शेंगांची टरफलं वाजत होती.

सगळ्यांचा धीर टिकला. एकीचा सुटला.

"चेतन, बेटा," नीलिमा रांगेतून ओरडली, "तुला बाथरूमला जायचंय का?"

"मम्मी!"

"मग थांबलायस का असा? पोटात दुखतंय?" आणि कोणी अडवायच्या आत ती दोरीखालून आत शिरली, पोराच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि ढकललं.

चेतन निघाला. आईनं ढकलल्यावर करणार काय? "मम्मीऽऽ" असा टाहो फोडत तो पहिल्या वळणापर्यंत गेला. प्राची अलगद त्याच्या मागं बसली. कढईपाशी ती बाजूनं आली आणि निघून गेली. मैदान उसळलं. नरहररावांनी कोणातरी अनोळखी माणसाला मिठी मारली.

चेतन उतरला तो थेट आईकडे. "मी जिंकत होतो! तू हरवलंस मला!"

"अरे पण तू उभा होतास!"

"तेच तर जिंकणं होतं!"

नीलिमाला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे न सुचल्यानं ती पंचांकडे गेली. "माझी हरकत आहे. माझ्या मुलाला ढकललं गेलंय."

"कोणी ढकललं?" नरहररावांनी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही. ढकललं गेलं की नाही?"

हरकत बिनतोड होती. त्यातून बरकतपुऱ्याचे गृहस्थ मोबाईल घेऊन हजर झाले की पंचाचीच नात जिंकली, वा रे वा. नरहररावांच्या कपाळावर घाम आला. घराण्याच्या तीन पिढ्यांत वशिल्याचा आरोप कोणावर झाला नव्हता. इकडे आरतीची वेळ होत आलेली, आणि अंबाजीराव ट्रॉफी घेऊन मधे उभे. "मी देऊ कोणाला ही? लवकर सांगा. मला आणखी दोन मंडळं करायची आहेत."

नरहररावांनी माइक मागून घेतला. डोळे मिटले. आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत जे त्यांना सगळ्यात चांगलं जमत होतं ते त्यांनी केलं.

"सदर अंतिम फेरी," ते म्हणाले, "बाह्य हस्तक्षेपामुळं तहकूब करण्यात येत आहे. ती येत्या रविवारी सकाळी आमच्या नल्लकुंट्याच्या अपार्टमेंटच्या सेल्लारमध्ये नव्यानं घेतली जाईल. ट्रॉफी तोवर माझ्या ताब्यात राहील. पालकांनी स्पर्धकांना हात लावू नये."

टाळ्या पडल्या. भाग्यक्का जवळ आली.

"रविवारपासून सेल्लार बंद ना साहेब?"

"प्रकरण प्रलंबित असताना जागा बंद करता येत नाही," नरहरराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "साधा नियम आहे."

"आणि गाडीवाले?"

"त्यांना मी नोटीस देतो. रविवारी सकाळी गाड्या बाहेर लावाव्यात."

त्या रविवारी सेल्लारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओरखडेवाला स्वतः गाडी बाहेर काढून खुर्ची घेऊन बसला. नीलिमाला दोन आज्यांच्या मधे बसवलं होतं, हात मांडीवर ठेवायच्या अटीवर. शिट्टी झाली. पोरं थांबली. वरच्या मजल्यावरून डोशांचा वास आला, थोड्या वेळानं तो करपला, पण कोणी उठलं नाही. शेवटी चेतन आणि प्राची दोघांचेही पाय एकदमच टेकले, आणि कोणाचा आधी यावर सेल्लारचे दोन तट पडले.

नरहररावांनी घड्याळ बघितलं, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, आणि अत्यंत समाधानानं म्हणाले, "तहकूब. पुढचा रविवार."

"साहेब," भाग्यक्का म्हणाली, "चुकलं बघा. तुम्हाला न्यायला पाहिजे होतं नॅशनलला. तुमच्यापुढं कोणी टिकलंच नसतं."